न्यूजरूममधली मतं आणि पडद्यावरची बातमी

ऑस्ट्रेलियातल्या एबीसी या सार्वजनिक प्रसारकावर टीका करायची असली की एक आकडा हमखास बाहेर निघतो: तिथले ४१.२ टक्के पत्रकार ग्रीन्स या डावीकडच्या पर्यावरणवादी पक्षाचे मतदार आहेत. आकडा खोटा नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विद्यापीठाच्या पाहणीतला तो आहे. पाहणीत एकूण ६०५ पत्रकार होते, पण त्यांपैकी एबीसीचे आणि आपण कोणाला मत देणार हे सांगणारे फक्त ३४. त्यांचे ४१.२ टक्के म्हणजे १४ माणसं. डावीकडे झुकणाऱ्या लेबर पक्षाची ११ आणि उजवीकडच्या लिबरल-नॅशनल आघाडीची ५. हे ३४ जण चिठ्ठ्या टाकून निवडले असते, तरी खरा आकडा २५ ते ५८ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकला असता. हजारो कर्मचाऱ्यांच्या संस्थेवरचं हे शिक्कामोर्तब १४ माणसांच्या खांद्यावर उभं आहे.

जर्मनीतला आकडा याहून झणझणीत. २०२० मध्ये एआरडी या सार्वजनिक प्रसारकांच्या समूहातल्या प्रशिक्षणार्थी पत्रकारांची पाहणी झाली. ग्रीन पक्ष ५७.१ टक्के, डी लिंके २३.४, एसपीडी ११.७. बेरीज ९२ टक्के, तिन्ही पक्ष मध्यापासून डावीकडचे. इथे प्रशिक्षणार्थी होते सुमारे १५०, आणि पक्षाच्या प्रश्नाला उत्तर दिलं ७७ जणांनी. निम्म्यांनी उत्तर दिलं हे तसं बरंच. पण हे सगळे नुकतेच पत्रकारितेत आलेले तरुण. कोणती बातमी जाणार आणि कोणती पडणार, हे ठरवणारी माणसं ती नव्हेत.

तिसरा आकडा अमेरिकेतला. एप्रिल २०२४ मध्ये एनपीआर या सार्वजनिक रेडिओचे ज्येष्ठ संपादक युरी बर्लिनर यांनी लिहिलं की वॉशिंग्टनमधल्या संपादकीय पदांवरच्या ८७ जणांची नोंदणी डेमोक्रॅट म्हणून आहे आणि रिपब्लिकन म्हणून एकाचीही नाही. परवानगीशिवाय बाहेर लिहिल्याबद्दल त्यांना पाच दिवस बिनपगारी निलंबित केलं गेलं आणि मग त्यांनी राजीनामा दिला. ८७ विरुद्ध ० हे ऐकायला भयंकर वाटतं. त्याच्या शेजारी दोन गोष्टी ठेवून पाहाव्या लागतात. वॉशिंग्टन शहराने २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ९० टक्क्यांहून जास्त मतं डेमोक्रॅट उमेदवाराला दिली होती. शिवाय तिथल्या प्राथमिक निवडणुकीत फक्त नोंदणीकृत पक्षमतदारालाच मत देता येतं, आणि महापौर कोण होणार हे बहुतेक वेळा डेमोक्रॅट प्राथमिक फेरीतच ठरतं. त्यामुळे शहराच्या कारभारात मत हवं असणारा माणूस विचाराने मध्यममार्गी असला तरी नोंदणी तिकडेच करतो. एवढं वजा करूनही शून्य हे शून्यच राहतं, आणि ते बोलकं आहे.

तेव्हा हे आकडे केराच्या टोपलीत टाकण्यासारखे नाहीत. तीन देश, तीन वेगळ्या पद्धती, आणि कल एकाच दिशेला. फक्त ते कशाबद्दल बोलतात हे नीट पाहायला हवं. ते कर्मचाऱ्यांच्या मतांबद्दल बोलतात. बातमीबद्दल एक अक्षरही बोलत नाहीत. ‘अमुक टक्के कर्मचारी तमुक पक्षाचे, म्हणून बातम्या पक्षपाती’ या वाक्यात ‘म्हणून’ हा शब्द फुकटात मिळालेला आहे. तो कमवावा लागतो, आणि कसा कमवायचा हाच खरा प्रश्न आहे.

प्रश्न सार्वजनिक प्रसारकालाच का

खासगी वाहिनीचा कल आवडला नाही तर प्रेक्षक वाहिनी बदलतो, पैसे त्याच्या खिशातच राहतात. सार्वजनिक प्रसारकाचं तसं नसतं. जर्मनीत प्रत्येक घर दरमहा १८.३६ युरो भरतं, टीव्ही असो वा नसो. ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी परवाना शुल्क आहे, ऑस्ट्रेलियात थेट सरकारी तिजोरीतून तरतूद होते. ज्याच्याकडून सक्तीने पैसे घेतले, त्याच्याच मताची टर उडवली गेली तर त्याचा संताप रास्त असतो.

म्हणूनच कायदा इथे जास्त मागतो. एबीसीच्या १९८३ च्या कायद्यातलं कलम ८ संचालक मंडळावर बातम्या अचूक आणि निःपक्ष ठेवण्याचं कर्तव्य टाकतं. आपल्याकडच्या प्रसार भारती कायद्याचं, म्हणजे १९९० मध्ये संमत होऊन सप्टेंबर १९९७ मध्ये अमलात आलेल्या कायद्याचं, कलम १२ सांगतं की माहितीचा प्रवाह न्याय्य आणि समतोल असावा, परस्परविरोधी मतं त्यात यावीत, आणि प्रसारकाने स्वतःच्या कोणत्याही मताचा वा विचारसरणीचा पुरस्कार करू नये. वाचायला सुंदर कलम आहे.

ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाच्या संहितेत ‘निःपक्षपणा’ या शब्दाआधी एक छोटं विशेषण आहे. ‘विषयाला साजेसा’ किंवा ‘यथोचित’ असा त्याचा अर्थ. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत सत्ताधारी आणि विरोधक दोघंही हवेत. पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्याला मात्र खगोलशास्त्रज्ञाइतकी मिनिटं द्यायची गरज नाही. निम्मे वाद या एका विशेषणाच्या अर्थावरून होतात.

माणसं एकसारखी का जमतात

यासाठी कुणाचा कट लागत नाही. मोठ्या प्रसारकाचं मुख्यालय राजधानीत किंवा सर्वांत मोठ्या शहरात असतं. नोकरीला पदवी लागते, बहुधा पदव्युत्तर. सुरुवातीची दोन-चार वर्षं कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर किंवा उमेदवारीत जातात, आणि महागड्या शहरात ती काढायला घरचा आधार लागतो. मुलाखत घेणारे आधीपासून आत असलेलेच असतात, आणि ‘आपल्यात मिसळेल’ हा निकष कागदावर नसला तरी लागू होतो. शहर, पदवी, वय आणि घरची स्थिती या चार चाळण्यांतून गाळल्यावर जे उरतं, त्याचं मतदान देशाच्या सरासरीसारखं असेल ही अपेक्षाच चुकीची. म्हणून तुलना करायची तर ती त्याच शहरातल्या, त्याच वयाच्या पदवीधरांशी करावी. त्याहीपेक्षा न्यूजरूम एका बाजूला झुकलेली असेल, तर जास्तीचं झुकणं निवडीतून किंवा कामाच्या संस्कृतीतून आलेलं असतं, आणि दुरुस्त करण्याजोगा भाग तोच. बीबीसीचे तेव्हाचे ज्येष्ठ पत्रकार अँड्र्यू मार यांनी २००६ च्या एका परिसंवादात हेच उघडपणे मान्य केलं होतं: संस्थेचा झुकाव एखाद्या पक्षाकडे नाही, पण शहरी, तरुण, उदारमतवादी संस्कृतीकडे आहे.

आता याची दुसरी बाजू. कर्मचाऱ्यांचा कल खालून वर येतो, तर नेमणुकांचा दबाव वरून खाली. पोलंडमध्ये जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीने सार्वजनिक टीव्ही आणि रेडिओच्या प्रमुखांच्या नेमणुका थेट मंत्र्याच्या हातात गेल्या, आणि बातम्यांचा सूर बदलायला वेळ लागला नाही. तिथे सामान्य वार्ताहर कोणाला मत देतो, हा प्रश्नच गौण ठरला. प्रसार भारतीत अध्यक्षाची निवड समितीच्या शिफारशीने होते. राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींचा एक प्रतिनिधी अशी ती तिघांची समिती. पण पगाराचा पैसा माहिती आणि प्रसारण मंत्रालयामार्फत येतो. त्यामुळे दूरदर्शनवर झालेले आरोप डेस्कवरच्या पत्रकारांच्या मतांचे क्वचितच असतात. ते सत्तेकडे झुकण्याचे असतात, आणि सत्तेत कोणीही असलं तरी होतात. कोणत्याही प्रसारकाबद्दल बोलताना पहिला प्रश्न म्हणूनच हा: इथे जोर कुठून लागतो, डेस्कवरून की मंडळाच्या खोलीतून? काही ठिकाणी दोन्हीकडून लागतो, तोही उलट दिशांना. मग बातमी कोणालाच आवडत नाही.

मताची बातमी होते कशी

सकाळच्या मीटिंगपासून सुरू करू. टेबलावर समजा चाळीस विषय आहेत, बुलेटिनमध्ये जागा दहा-बाराची. पहिली गळती इथे. ‘यात बातमी काय आहे?’ या प्रश्नाचं उत्तर खोलीतल्या सगळ्यांना सारखंच सुचत असेल, तर तीस विषय वाद न होताच गळतात. इथे कोणी खोटं बोलत नाही, कोणाची बाजूही घेत नाही. एखादा प्रश्न खोलीतल्या कोणाच्याच घरी पोचलेला नसतो, एवढंच.

याचा सर्वांत चांगला नोंदवलेला नमुना ब्रिटनचा. २०१३ मध्ये बीबीसी ट्रस्ट या बीबीसीच्या तेव्हाच्या देखरेख मंडळासाठी स्टुअर्ट प्रेबल यांनी केलेल्या आढाव्यात आढळलं की स्थलांतराबद्दल लोकांमध्ये जी चिंता होती, ती पडद्यावर यायला बीबीसीने उशीर केला. कारण दुहेरी होतं. एक तर आतली माणसं या विषयाकडे जराशा संकोचाने पाहत होती. दुसरं म्हणजे वार्ताहर बातमीची चाहूल घ्यायला संसदेकडे बघत, आणि मोठ्या पक्षांनाही या विषयावर बोलायचं नव्हतं. दुसरं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. पत्रकाराला स्वतःचं मत नसतं तरी हीच चूक झाली असती.

दुसरी गळती माणसं निवडताना होते. दुपारी तीन वाजता प्रोड्यूसरला पाच वाजेपर्यंत तज्ज्ञ हवा असतो. तो फोनमधल्या यादीत बघतो. यादीतली माणसं पूर्वी आलेली, फोन उचलणारी, थोडक्यात बोलणारी, स्टुडिओपासून अर्ध्या तासावर राहणारी. एकच विचारवंत संस्था पन्नास वेळा दिसते आणि दुसरी एकदाही नाही, ती बहुधा यामुळे. इलाज कंटाळवाणा पण लागू पडणारा: दर तीन महिन्यांनी पाहुण्यांची यादी काढायची, प्रत्येकाच्या नावापुढे संस्था, गाव आणि भूमिका लिहायची, आणि कोण किती वेळा आलं ते मोजायचं. पाहुण्याची ओळख करून देतानाही झोल होतो. एका बाजूचा माणूस ‘अमुक विचारसरणीच्या संस्थेचा’ म्हणून येतो आणि दुसऱ्या बाजूचा नुसता ‘अर्थतज्ज्ञ’ म्हणून. दोघंही तितकेच बांधलेले असतात, लेबल मात्र एकालाच.

तिसरी गळती शब्दांत, आणि ती सर्वांत बारीक. एका पक्षाचा प्रवक्ता ‘स्पष्ट करतो’, दुसऱ्याचा ‘दावा करतो’. एक नेता ‘म्हणाला’, दुसऱ्याने ‘कबूल केलं’. तीच माणसं कुठे ‘आंदोलक’, कुठे ‘जमाव’. सीमेवरून आलेला माणूस ‘निर्वासित’, ‘स्थलांतरित’ की ‘घुसखोर’? कायदा बदलला तर तो ‘बदल’ की ‘सुधारणा’? ‘सुधारणा’ म्हटलं की वाक्य संपायच्या आधीच निकाल लागला. चांगल्या डेस्कवर अशा शब्दांची यादी लिहून ठेवलेली असते आणि तीत क्रियापदंसुद्धा असतात. साधा नियम: वक्ता कोणीही असो, ‘म्हणाले’. दुसरं क्रियापद वापरायचं तर कारण सांगता आलं पाहिजे.

पण शब्दांतला झुकाव नेहमी पक्षाच्या रंगाचा असतो असं नाही. बीबीसीनेच मायकेल ब्लास्टलंड आणि अँड्र्यू डिल्नॉट यांच्याकडून कर, सरकारी खर्च आणि कर्ज या विषयांवरच्या बातम्या तपासून घेतल्या. अहवाल जानेवारी २०२३ मध्ये आला. काही पत्रकारांना अर्थशास्त्राची मूलभूत समजच कमी आहे, असं त्यांनी लिहिलं. सरकारी कर्ज म्हणजे घरचं कर्ज, सरकारचं क्रेडिट कार्ड संपलं, अशा उपमा बातमीत सहज येत होत्या. कर्ज वाईटच, हे गृहीत धरलेलं. प्रत्यक्षात सरकारने किती कर्ज काढावं यावर अर्थतज्ज्ञांत खरे मतभेद आहेत, आणि वार्ताहराने ते नकळत एका बाजूने मिटवून टाकले होते. यातल्या चुका कधी डाव्या बाजूला सोयीच्या ठरत, कधी उजव्या. उदारमतवादी मानल्या जाणाऱ्या न्यूजरूममधून काटकसरवाद्यांच्या सोयीची भाषा बाहेर पडत होती. कर्मचारी कोणाला मत देतात हे माहीत असतं, तरी यावरून अंदाज उलटाच बांधला गेला असता.

चौथी गळती मांडणीत: कोण आधी, कोण शेवटी, कोणाला थेट प्रश्न आणि कोणाची नुसती बाइट, म्हणजे बोलण्यातला कापलेला तुकडा, कोणाच्या बोलण्यावर कसली दृश्यं. आणि पाचवी एडिटिंग टेबलावर. बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात ऑक्टोबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या, म्हणजे अमेरिकी संसदेवर हल्ला झाला त्या दिवशीच्या, भाषणातले, एकमेकांपासून सुमारे ५४ मिनिटं दूर असलेले दोन तुकडे असे जोडले गेले की ते एकच सलग वाक्य वाटावं. संस्थेच्याच माजी बाह्य सल्लागाराचं टिपण फुटलं आणि ९ नोव्हेंबर २०२५ रोजी महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभाग प्रमुख डेबोरा टर्नेस या दोघांनी राजीनामे दिले. हा कार्यक्रम बाहेरच्या निर्मिती संस्थेने बनवला होता. म्हणजे ‘कर्मचाऱ्यांचा पक्षपात’ शोधताना पगारपत्रक तपासून भागत नाही, कंत्राटांची फाइलही उघडावी लागते. तांत्रिक चूक तशी साधी होती. दोन तुकडे जोडताना मध्ये फ्लॅश, फेड किंवा निवेदकाचं एक वाक्य टाकायचं, हे एडिटिंग शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात सांगतात. ती नजरेतून सुटली, कारण जे दिसत होतं ते पाहणाऱ्यांना आधीपासूनच खरं वाटत होतं. मतांचा धोका असा असतो: आपल्या समजाला पटणारी क्लिप कोणी दुसऱ्यांदा तपासत नाही.

एवढ्या गळत्या आहेत, तर बातमी कर्मचाऱ्यांच्या मताबरहुकूमच निघायला हवी. तशी ती निघत नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर मताला अडवणाऱ्या गोष्टीही असतात. वेळ, स्पर्धा, संपादकाची नजर, वकिलाचा फोन, आणि सनसनाटीची ओढ. शेवटची ओढ पक्ष बघत नाही. स्वीडनमध्ये केंट आस्प यांच्या चमूने १९७९ पासून प्रत्येक निवडणुकीतल्या बातम्या मोजल्या आहेत. तिथल्या पत्रकारांत ग्रीन पक्षाचे चाहते मतदारांच्या तुलनेत कितीतरी जास्त. तरी कोणाला चांगलं कव्हरेज मिळालं हे निवडणुकीगणिक बदलत गेलं, आणि ते पत्रकारांच्या आवडीपेक्षा त्या वेळी कोण घसरत होतं, कोण वर येत होतं, कोणाचं प्रकरण उघडं पडलं होतं, यावर ठरलं. जर्मनीतही माइन्त्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ४७ वृत्तमाध्यमं तपासली. सार्वजनिक प्रसारक मध्यापासून किंचित डावीकडे निघाले, पण इतर बहुतेक माध्यमंही तिथेच होती. प्रशिक्षणार्थींचे ९२ टक्के आणि बातमीतलं ‘किंचित’, या दोहोंमधलं अंतर म्हणजे न्यूजरूमची यंत्रणा.

पाहणाऱ्याचे डोळे

१९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी १४४ विद्यार्थ्यांना १९८२ च्या बैरूतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाविषयीच्या त्याच त्या टीव्ही बातम्या दाखवल्या. इस्रायलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना त्या इस्रायलविरोधी वाटल्या, अरबांच्या बाजूच्यांना इस्रायलधार्जिण्या. बातमी एकच. ज्याला विषयाची जास्त माहिती आणि जास्त कळकळ, त्याला ती जास्त खुपते, कारण आपल्या बाजूचं काय सुटलं हे त्याला लगेच दिसतं आणि समोरच्याचं सुटलेलं दिसतच नाही.

या प्रयोगाचा प्रसारकांनी मात्र भलताच फायदा उठवला. ‘दोन्ही बाजू आमच्यावर चिडतात, म्हणजे आम्ही बरोबर मध्ये आहोत.’ हे निव्वळ थापेबाजीचं तर्कशास्त्र आहे. बातमी एका बाजूला चांगली हातभर झुकलेली असली तरी दोन्हीकडून शिव्या येणारच, प्रयोगाचा अर्थच तो. तक्रारींची संख्या पक्षपाताचा पुरावा नाही, तशी निःपक्षपणाचाही नाही. ती फक्त कोण संघटित आहे हे सांगते.

मोजायचं कसं

दोन माणसं, एक तक्ता आणि चिकाटी एवढं भांडवल पुरतं. प्रश्न अरुंद ठेवावा. ‘वाहिनी पक्षपाती आहे का’ हा प्रश्न मोजता येत नाही. ‘रात्रीच्या मुख्य बुलेटिनमध्ये कामगार कायद्यावर कोणाला किती वेळ आणि कशा वागणुकीने बोलू दिलं’ हा येतो.

सलग दोन आठवडे घेऊ नयेत. त्यात एखादं मोठं प्रकरण घडलं की सगळे आकडे तिकडेच झुकतात. सहा महिन्यांतून एक सोमवार, वेगळ्याच आठवड्यातला मंगळवार, तिसऱ्यातला बुधवार असा जोडून ‘बनवलेला आठवडा’ घ्यावा, आणि असे निदान दोन. दिवस चिठ्ठ्या टाकून निवडावेत, आठवणीने नाही. आठवणीत राहतात ते खुपलेले दिवस.

प्रत्येक बोलणाऱ्यामागे तक्त्यात एक ओळ: सेकंद, थेट मुलाखत की कापलेली बाइट, बुलेटिनमधला क्रम, ओळख कशी करून दिली, क्रियापद कोणतं, उलट प्रश्न किती आले, मध्येच किती वेळा तोडलं, शेवटचा शब्द कोणाचा. ‘सूर अनुकूल की प्रतिकूल’ हा रकाना सर्वांत मोहाचा आणि सर्वांत बेभरवशाचा. तो ठेवायचाच तर अनुकूल कशाला म्हणायचं, हे उदाहरणांसह आधीच लिहून ठेवावं.

मग सर्वांत जास्त वेळा वगळली जाणारी पायरी. मोजणाऱ्या दोघांची राजकीय मतं शक्यतो विरुद्ध असावीत, आणि त्यांनी निदान १५-२० टक्के भाग एकमेकांना न विचारता स्वतंत्र मोजावा. मग दोघांचं किती जुळलं ते पाहावं. संशोधक यासाठी क्रिपेनडॉर्फचा अल्फा नावाचा जुळणीचा आकडा वापरतात; पूर्ण जुळलं तर तो १ येतो. तो ०.८० च्या वर असेल तर तक्ता विश्वासार्ह, ०.६७ च्या खाली गेला तर तक्त्यात दोष आहे, बातमीत काय आहे ते अजून कळलेलंच नाही. सेकंद मोजताना जुळणी सहज होते. ‘सूर’ मोजताना बहुतेकांचा तक्ता इथेच कोसळतो.

उरला तो अर्थ लावणं. समजा सत्ताधाऱ्यांना ६० टक्के वेळ मिळाला. झुकाव? सांगता येत नाही. निर्णय सरकार घेतं, म्हणून बातमीतही तेच जास्त दिसतं, कोणत्याही देशात. खरी कसोटी सत्तापालटानंतर लागते. पक्षांच्या जागा बदलल्यावर आकडेही बदलले, तर झुकाव सत्तेकडे होता. एखाद्या पक्षाला सत्तेत असतानाही आणि विरोधात असतानाही जास्त वेळा तोडलं जात असेल, तर बोट न्यूजरूमकडे दाखवता येतं. म्हणून एका सरकारच्या काळातली मोजणी, कितीही नेटकी असली, तरी अर्धीच असते.

एक सापळा मात्र मोजणीने सुटत नाही. समसमान वेळ म्हणजे निःपक्षपणा नव्हे. बीबीसी ट्रस्टसाठी २०११ मध्ये स्टीव्ह जोन्स यांनी विज्ञानाच्या बातम्यांचा आढावा घेतला, तेव्हा दोष नेमका याचा निघाला. जिथे वैज्ञानिकांत जवळपास एकमत होतं तिथेही ‘दुसरी बाजू’ म्हणून कोणाला तरी आणून बसवलं जात होतं. तराजू सरळ, माल खोटा.

कर्मचाऱ्यांवरचे नियम, आणि ते कुठे फसतात

बीबीसीत वृत्तविभागातल्या माणसाने मत कोणाला देतो हे जाहीर करायचं नाही, पक्षाला पाठिंबा द्यायचा नाही, वादग्रस्त प्रश्नांवर वैयक्तिक खात्यावरूनही बाजू घ्यायची नाही. एनपीआरने जुलै २०२१ मध्ये थोडी वेगळी वाट धरली आणि माणसाच्या स्वातंत्र्याच्या व प्रतिष्ठेच्या बाजूने होणाऱ्या नागरी उपक्रमांत पत्रकारांना भाग घेऊ दिला. कोणता मोर्चा ‘प्रतिष्ठेचा’ आणि कोणता ‘राजकीय’, हे मात्र प्रत्येक वेळी वरिष्ठाने ठरवायचं. दोन्ही बाजूचे मोर्चेकरी आपण माणसाच्या प्रतिष्ठेसाठीच चाललोय असं म्हणतात, तेव्हा हे ठरवणं म्हणजेच बाजू घेणं होतं. माझ्या मते बीबीसीचा नियम जाचक आहे, पण तो निदान राबवता येतो.

नियम मोडतो तो बहुधा कडेला. गॅरी लिनेकर तेव्हा बीबीसीच्या फुटबॉलच्या कार्यक्रमाचे निवेदक होते, कर्मचारी नव्हे, कंत्राटी. मार्च २०२३ मध्ये त्यांनी आश्रय मागायला येणाऱ्यांविषयीच्या सरकारी धोरणावर टीका करणारं ट्वीट केलं, बीबीसीने त्यांना बाजूला केलं, सहकाऱ्यांनी साथ दिली, आणि ११ मार्चला ‘मॅच ऑफ द डे’ निवेदक आणि समालोचनाशिवाय २० मिनिटांत उरकावा लागला. नियम वृत्तविभागासाठी लिहिला होता आणि खेळाच्या कंत्राटी चेहऱ्याला तो किती लागू, हे धूसर होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी नियमावली आली: मोठ्या कार्यक्रमांच्या चेहऱ्यांनी पक्षाचा प्रचार करू नये, राजकारण्यांवर वैयक्तिक हल्ले करू नयेत, पण एखाद्या धोरणावर मत मांडता येईल. हेच आधी लिहिलेलं असतं, तर त्या शनिवारी समालोचक घरी बसले नसते.

एबीसीचं प्रकरण अधिक महागात पडलं. डिसेंबर २०२३ मध्ये अँटोनेट लाटूफ सिडनीच्या रेडिओवर पाच दिवसांसाठी बदली निवेदिका होत्या. त्यांनी गाझाविषयी ह्यूमन राइट्स वॉचची एक पोस्ट पुढे पाठवली. त्या रुजू झाल्यापासूनच त्यांना काढा म्हणून ईमेलची संघटित मोहीम सुरू होती. तीन दिवसांनंतर त्यांना थांबवलं गेलं. जून २०२५ मध्ये फेडरल न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं, कारण काढण्यामागच्या कारणांत त्यांचं राजकीय मत होतं. ७०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई, आणि सप्टेंबरमध्ये वर १,५०,००० दंड. चूक क्रमाची होती: आधी दबाव, मग निर्णय, मग त्यासाठी नियमाचा शोध. लेखी सूचना काय होती, ती नेमकी मोडली का, आणि त्यांना बाजू मांडायला वेळ दिला का, या तीन प्रश्नांची उत्तरं फाइलमध्ये असती तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

प्रेक्षकाच्या हातात काय आहे

तक्रार. ती माणसाविरुद्ध न करता वाक्याविरुद्ध करावी. बीबीसीची वाट अशी: प्रसारणापासून ३० कामकाजाच्या दिवसांत पहिली तक्रार, उत्तर पटलं नाही तर पुन्हा, मग कार्यकारी तक्रार कक्ष, आणि त्यानंतरच ऑफकॉम. पायरी ओलांडून थेट नियामकाकडे गेलं तर अर्ज परत येतो. तक्रारीत हवं ते एवढंच: कार्यक्रम, तारीख, मिनिट, उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं, त्यात चूक काय किंवा सुटलं काय, आणि कोणता नियम मोडला. एका तक्रारीत एकच मुद्दा. ‘तुमची निवेदिका अमुक पक्षाची आहे’ या वाक्यावर कोणताही कक्ष काही करू शकत नाही. हजार जणांनी पाठवलेल्या एकाच मजकुराच्या ईमेलला हजार जणांना एकच उत्तर येतं.

वाट लांब आहे, पण बंद नाही. १० ऑगस्ट २०१७ रोजी बीबीसी रेडिओ ४ च्या ‘टुडे’ कार्यक्रमात माजी अर्थमंत्री लॉर्ड लॉसन म्हणाले की गेल्या दहा वर्षांत जगाचं सरासरी तापमान किंचित घटलं आहे. मुलाखतकाराने हटकलं नाही. तक्रारी झाल्या, बीबीसीने आधी स्वतःची पाठराखण केली, त्याच वर्षी तिच्याच तक्रार कक्षाने चूक मान्य केली, आणि एप्रिल २०१८ मध्ये ऑफकॉमने अचूकतेचा नियम मोडल्याचा निर्णय दिला. एका वाक्यासाठी आठ महिने. त्यानंतर, सप्टेंबर २०१८ मध्ये, हवामान बदलावर चर्चा करताना समतोल म्हणून तो नाकारणाऱ्याला बोलावण्याची गरज नाही, अशी लेखी सूचना बीबीसीच्या पत्रकारांच्या हातात पडलेली होती.